चोविसावे डोके

तंजावूर,
रविवार, दुपार

चिरंजीव त्यागराज यास रघुरामकडून अनेक आशीर्वाद.

तुझी, सौ. रंजनाची आणि मुलाची प्रकृती चांगली असेल असे धरून चालतो. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळव. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. (येथे खाडाखोड दिसते ती पेनाची चूक नव्हे. पत्रात "आम्ही तिघे" लिहायची हाताला सवय आहे आणि हात अजून ऐकत नाही.) अक्काच्या वर्षश्राद्धाला तुला येता आले नाही याबद्दल माझ्या मनात काही नाही. थोडे होते, ते आता नाही. फोन न करता पत्र का, असे तू विचारशील. फोनवर मला "बरं" आणि "ठेवू का" यांच्यापलीकडे काही सुचत नाही हे तुला ठाऊक आहे. या घरातले फोनवरचे बोलणे तुझी अक्का बोलत असे आणि काय सांगायचे राहिले ते मी शेजारी उभा राहून हाताने खुणावत असे. आता खुणावून उपयोग नाही. देवनागरी मी लहानपणी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकलो, तेव्हा ह्रस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष कर.

तुझी भाची भुवना गेला दीड महिना घरी आहे. सुट्टीवर नव्हे, कामावर. ती बेंगळुरूला पदव्युत्तर शिक्षण घेते हे तुला माहीत आहे. विषयाचे नाव कम्प्युटेशनल कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स. हे न अडखळता म्हणायला मला एक पूर्ण सत्र लागले, आणि पाठ झाले तेव्हा लक्षात आले की गल्लीत ते सांगून उपयोग नाही. लोकांच्या कानात "न्यूरो" एवढेच राहते. सांबशिवराव (तुला नववीत गणितात नापास करणारे, निवृत्तीनंतर जास्तच कडक झाले आहेत) थरथरणारा हात दाखवायला आले. समोरच्या शेषम्मा अर्धशिशीची वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन आल्या. भुवनाने दोघांना बसवून सांगितले की मी डॉक्टर नाही, मेंदू अंदाज कसे बांधतो त्याची गणिते मी मांडते. सांबशिवराव म्हणाले, "गणितच ना? मग त्याला एवढं मोठं नाव कशाला?" शेषम्मांनी चिठ्ठी तशीच ठेवून दिली. ती अजून आमच्या देवघरात आहे.

मला समजले तेवढे तुला सांगतो. कोणी बोलत असताना मेंदू नुसता ऐकत बसत नाही. पुढचा शब्द कोणता येणार हे तो आधीच ठरवून ठेवतो. तोच आला तर ठीक. भलताच आला तर अर्ध्या सेकंदाच्या आत डोक्यात एक छोटी लाट उठते, आणि डोक्याला तारा लावलेल्या असल्या तर ती पडद्यावर दिसते. भुवनाचा प्रश्न असा, की जी माणसे घरात मराठी, दारात तमिळ आणि ऑफिसात इंग्रजी बोलतात त्यांचा मेंदू हा अंदाज कोणत्या भाषेच्या भरवशावर करतो. त्यासाठी तिने कम्प्युटरात एक नकली ऐकणारा तयार केला आहे. तोही पुढचा शब्द ओळखतो आणि चुकला तर किती चुकला याचा आकडा देतो. मग तो आकडा आणि खऱ्या माणसाच्या डोक्यातली लाट शेजारी शेजारी ठेवून पाहायची. पहिल्या वर्षी तिने त्याला महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे वाचायला दिली आणि नंतर आपल्या गल्लीतले बोलणे ऐकवले. त्याला जवळजवळ प्रत्येक शब्दाला धक्का बसला. म्हणजे तिकडच्या मराठीला आपण एक अखंड आश्चर्य आहोत. (पुण्यातल्या तुझ्या पहिल्या वर्षाबद्दल तू जे सांगायचास त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला.) मग तिने गल्लीतल्या लोकांचे सव्वीस तासांचे बोलणे गोळा करून त्याला शिकवले. आता कोणतेही वाक्य अर्ध्यात सोडले की तो पुढे "कॉफी" म्हणतो. भुवना म्हणते सव्वीस तास कमी पडले. मला वाटते तो बरोबर शिकला आहे.

आता जी गोष्ट तुला आधीच सांगायला हवी होती ती सांगतो. लोकांना ऐकवायची वाक्ये दोनशे चाळीस आहेत आणि ती तुझ्या अक्काच्या आवाजात आहेत. गेल्या वर्षी पोंगलच्या आधी भुवना आली होती तेव्हा तिने नमुना म्हणून ती रेकॉर्ड केली. निम्मी वाक्ये सरळ आहेत. "आमटीला मी फोडणी दिली", "दारात मी रांगोळी घातली", अशी. निम्म्यांचा शेवटचा शब्द मुद्दाम चुकवलेला आहे. "आमटीला मी फोडणी शिकवली." "केसांत मी मोगरा शिजवला." "भातावर मी तूप नेसले." दोन महिन्यांनी जे झाले ते झाले. नंतर तिच्या गाइडने सुचवले की दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात नव्याने रेकॉर्ड करावे, म्हणून पोस्टातल्या महालक्ष्मीला बोलावले. वाक्ये तमिळ लिपीत लिहून दिली होती, त्यामुळे वाचण्याची अडचण नव्हती. पण चुकीचे वाक्य आले की तिला चार शब्द आधीपासून हसू फुटायचे, आणि असे झाले तर ऐकणाऱ्याचा मेंदू सावध होतो. दोन दिवस प्रयत्न करून महालक्ष्मीला उचकी लागली. तुझी अक्का "भातावर मी तूप नेसले" अशा सुरात म्हणते, की जणू काही शुक्रवारी तेच नेसायची पद्धत आहे. रात्री जेवताना भुवनाने पानावरून मान वर न करता विचारले, "अप्पा, अम्माचाच आवाज राहू दे का?" मी राहू दे म्हणालो. आमचे या विषयावरचे बोलणे एवढेच. मग आम्ही दोघांनी एकदमच ताक मागितले, आणि मग दोघेही उठलो.

प्रयोग आमच्याच पुढच्या खोलीत करायचे ठरले, कारण गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बेंगळुरूला नेणे शक्य नव्हते. यंत्र एका पेटीतून बसने आले. हे यंत्र इतके हळवे आहे की घरात फ्रिज चालू असला तरी त्याला तो ऐकू येतो. म्हणून फ्रिज बंद, पंखा बंद, दारावरची घंटासुद्धा काढून ठेवली. ऐन मे महिन्यात पंखा बंद करून माणसाला खुर्चीत बसवायचे आणि हलू नको म्हणायचे, हे भुवनाला तिच्या संस्थेच्या एअर-कंडिशन खोलीत सुचलेले दिसते. शेजाऱ्यांचा इडलीचे पीठ वाटायचा ग्राइंडर भिंतीला लागून आहे. मी स्वतः जाऊन दहा ते एक त्यांनी तो लावू नये अशी विनंती केली. त्यांनी मान्य केले, पण रोज एक वाजून एक मिनिटाने तो सुरू होतो तेव्हा त्यात पिठापेक्षा राग जास्त वाटला जातो असे मला वाटते.

पहिला दिवस शनिवार होता. भुवनाने सर्वांना आदल्या दिवशी निरोप पाठवला की डोके स्वच्छ धुऊन या. आता तूच सांग, शनिवार हा पुरुषांच्या तेल लावून न्हाण्याचा वार, त्यात महत्त्वाच्या कामाला जाताना आपल्याकडचा पुरुष तेलाशिवाय डोके धुणार ते कसे? पहिल्या दिवशी बोलावलेले चारही जण पहाटे उठून तिळाचे तेल चोळून, शिकेकाई लावून, आणि शेवटी डोके कोरडे दिसू नये म्हणून वर पुन्हा बोटभर तेल चोपडून आले. मुलीच्या परीक्षेचे काम आहे म्हणून त्यांनी हे मानाने केले होते. सांबशिवराव तर जरीकाठाच्या धोतरात होते. ती तारांची टोपी त्यांच्या डोक्यावर घातली की हळूहळू घसरून भुवयांवर येई. पडद्यावर जे दिसले ते पाहून भुवना म्हणाली की यंत्राच्या मते या खुर्चीत कोणीही बसलेले नाही. शेवटी मागच्या अंगणात नळाखाली एकेकाला वाकवून तिने शांपूने चार डोकी धुतली. मी टॉवेल धरून उभा होतो. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे बायकांच्या न्हाण्याच्या वारी, त्यांचे असेच झाले, त्यात मोगऱ्याचे गजरे अधिक. शुक्रवारी तेल धुऊन काढायला शेषम्मा तयार होईनात. त्यांनी तीन वेळा सांगितले की त्या भुवनाच्या आईच्या शब्दाखातर आल्या आहेत, भुवनाच्या नव्हे. प्रयोगासाठी त्यांचे वय सत्तरच्या आत असायला हवे. ते गेली चार वर्षे अडुसष्ट आहे.

आवाज कानातल्या फोनमधून येतो, त्यामुळे ज्याच्या डोक्याला तारा त्यालाच तो ऐकू येतो. ज्याची पाळी यायची आहे त्याने वाक्ये आधी ऐकायची नाहीत हा प्रयोगाचा नियम आहे. माझी पाळी भुवनाने सर्वांत शेवटी ठेवली. म्हणून रोज दहा वाजले की मी बाहेर तिण्णैवर (पुण्यात तुम्ही ओटा म्हणता) वर्तमानपत्र घेऊन बसत असे. खिडकीतून ऐकणाऱ्याचे तोंड दिसायचे. सांबशिवराव गंभीरपणे ऐकत होते, आणि एकदम टोपीसकट उभे राहून म्हणाले, "कनका कधी असं बोलणार नाही. पोरी, तुझं मशीन बिघडलंय." शेषम्मांनी तर प्रत्येक चुकीचे वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त करायला सुरुवात केली. "शिकवली नव्हे गं, दिली. फोडणी देतात." भुवनाने बोलू नका म्हणून विनवले तर तिलाच म्हणाल्या, "आईला काय काय म्हणायला लावलंस गं? लाज नाही वाटली?" शेवटी शेवटी त्या नुसत्याच रडत होत्या, आणि टोपी काढताना त्या कानातल्या फोनला म्हणाल्या, "बस आता. दमली असशील." मी वर्तमानपत्राचे तेच पान चार दिवस वाचत होतो. गल्लीतल्या तेवीस जणांनी तिला माझ्या आधी ऐकले, त्यागराज. मला कोणाचा हेवा वाटायचा स्वभाव नाही. त्या दीड महिन्यात मला तेवीस जणांचा वाटला.

माझा दिवस गेल्या सोमवारी होता. मी साध्या साबणाने दोनदा डोके धुतले. भुवनाने टोपी घातली, तारांखाली एकेक थेंब ते थंड चिकट औषध भरले, आणि रोज सगळ्यांना सांगते तेच सांगितले: हलायचे नाही, वाक्य चालू असताना पापणी मिटायची नाही, जबडा सैल ठेवायचा, आणि अजिबात बोलायचे नाही. जबड्याचा स्नायू हलला तर त्याची लाट मेंदूच्या लाटेच्या शंभरपट मोठी येते आणि सगळे बुडते. मी म्हणालो, मी कधी बोलतो? ती म्हणाली, म्हणूनच तुमची मला काळजी नाही.

पहिले वाक्य आले. "दारात मी रांगोळी घातली." मी "हं" म्हणालो.

भुवनाने थांबवले. पुन्हा समजावले. मी मान हलवली (तीही हलवायची नव्हती). पुन्हा सुरू झाले. "पाहुण्यांना मी कॉफी दिली." हं. "बसला उशीर झाला म्हणून मी रिक्षा विणली." हं. मला खरोखर कळत नव्हते, रे. एकतीस वर्षे ती स्वयंपाकघरातून काहीतरी सांगायची आणि मी बाहेरून हं म्हणायचो. हं आला नाही तर ती तेच पुन्हा, मोठ्याने सांगायची. तो आवाज माझ्या तोंडातून निघत नाही, तो तिच्या वाक्याला जोडलेलाच आहे. ओठ घट्ट आवळून पाहिले, तर आवळल्यामुळे अधिकच मोठी लाट आली. मग भुवनाने एक पातळ टॉवेल आणला, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर हलकी गाठ मारावी म्हणून. तिचे हात माझ्या कानांपर्यंत आले आणि थांबले. टॉवेल तसा बांधलेला आम्ही दोघांनी एकदा पाहिलेला आहे, याच खोलीत, गेल्या वर्षी. तिने तो घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे अप्पा, तसंच करू." मी श्वास धरून बसून पाहिले. तेवढ्याने अकरा वाक्ये पार पडली, मग श्वास सोडावा लागला.

दोनशे चाळीसपैकी दोनशे एकोणतीस वाक्ये फुकट गेली. राहिलेल्या अकरांत सहा चुकीची होती. भुवनाने ती पुन्हा पुन्हा पाहिली. त्या सहांपैकी एकालाही माझ्या डोक्यात लाट नाही. नकली ऐकणारासुद्धा "तूप नेसले" ऐकून हादरतो, आणि मी नाही. ती म्हणाली की सहा वाक्यांवरून शास्त्रात काहीही म्हणता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती यंत्र पुसत असताना पुन्हा एकदा तेच म्हणाली. मला त्यात विशेष काही वाटले नाही. तुझी अक्का जे म्हणेल ते मी सुरुवातीपासून मान्य करत आलो आहे. तूप नेसायचे म्हणाली तर नेसायचे.

पण यामुळे भुवनाचे काम अडले आहे. गाइडने चोवीस डोकी सांगितली आहेत, तेवीस चालणार नाहीत. महिनाअखेर यंत्र बेंगळुरूला परत जायचे आहे आणि त्यानंतर तिचा प्रबंध सहा महिने पुढे जाईल. जो या गल्लीत वाढला, उजव्या हाताने लिहितो, सत्तरच्या आत आहे आणि ज्याच्या डोक्याला अजून कोणी तारा लावलेल्या नाहीत, असा मला माहीत असलेला माणूस तू एकटा. तेरावा झाल्यावर तू या घरात पाऊल टाकलेले नाहीस. कारण मला कळते. मी स्वतः तिच्या खोलीचे कपाट अजून उघडलेले नाही, आणि माझे दोन चांगले शर्ट त्यातच आहेत. तरी चार दिवस रजा काढून ये. चाळीस मिनिटे बसायचे आहे. (वर लिहिलेली वाक्ये विसरून ये.) तुला हं म्हणायची सवय नाही, तू तर तिच्याशी सारखा भांडायचास. मनातल्या मनात भांडलास तर यंत्राला चालते. मात्र डोक्याला तेल लावू नको.

सौ. रंजनास आशीर्वाद, मुलास अनेक आशीर्वाद. 

तुझा,
रघुराम

ता. क. येताना काही आणू नको. कॉफी आता मी करतो. ती कशी होते याबद्दल भुवना काही बोलत नाही. तूही बोलू नको.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आपल्याच गल्लीत वाढलेल्या तिरुचीच्या एकोजीचा फोन आला. आजवर नको नको म्हणणारा, म्हणून मी न मोजलेला, तो मंगळवारी येतो म्हणाला. (त्याच्या बायकोने त्याला सांगितले की यंत्रात डोके रिकामे आहे का ते कळते.) म्हणजे चोविसावे डोके मिळाले. वर तुला जे मागितले ते रद्द समज, आणि रजाही काढू नको. पत्र फाडून टाकणार होतो. पण ज्या कामासाठी लिहायला बसलो ते एवढ्या पानांत लिहायचे राहूनच गेले आहे.

तिसरा ता. क. ते काम असे. अक्काची वाक्ये घेतली त्या दिवशी भुवनाने एकूण तीन तास चाळीस मिनिटे रेकॉर्ड केले होते. त्यातली वाक्ये तेवढी कापून घेतली तर वीस मिनिटे भरतात. उरलेले तिने पुसलेले नाही, हे ती गाइडशी फोनवर बोलत असताना मी ऐकले. मला ते हवे आहे. मी तिच्याकडे मागायला दोनदा गेलो. एकदा गॅस बुक केला का असे विचारून आलो, आणि दुसऱ्यांदा काहीच न विचारता पंखा लावून आलो. मी मागितले तर ती लगेच देईल, पण मग आम्हा दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावे लागेल. तू मामा आहेस आणि कम्प्युटरातला आहेस. तुझ्यासाठी म्हणून माग आणि मला पाठव. माझे नाव घेऊ नको. वाक्ये वाचताना तुझी अक्का कोणाशीच बोलत नाही, ती वाक्ये कोणीही कोणालाही म्हणावीत अशी आहेत. पण त्या दिवशी बाराच्या सुमारास मी ओरत्तनाडूहून शेताचे काम उरकून उन्हातून आलो होतो, आणि आत रेकॉर्डिंग चालू आहे हे न कळल्यामुळे दारातूनच मोठ्याने पाणी मागितले होते. त्यानंतर ती माझ्यावर रागावली आहे. चांगली पाच-सात मिनिटे, नाव घेत नसली तरी माझ्यावरच. तीन तास शोधत बसू नको, तेवढेच आधी पाठव.